आयर्लंडला देश मिळाला, वेल्सकडे भाषा राहिली : युरोपातल्या छोट्या भाषा आणि ओळखीचं राजकारण

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर अ‍ॅबरिस्टविथ नावाचं गाव आहे. तिथून दक्षिणेला निघालं की हमरस्त्याच्या कडेला एका पडक्या घराची भिंत लागते. लाल रंगावर पांढऱ्या अक्षरांत तिच्यावर वेल्श भाषेतले दोनच शब्द लिहिलेत. अर्थ : त्रिवेरिन विसरू नका.

२०१९ मध्ये कुणीतरी या अक्षरांवर ‘एल्विस’ असं रंगवून ठेवलं. पुढे भिंतीचा काही भाग पाडण्यात आला. लोकांनी ती पुन्हा रचली. एवढ्यावर थांबले नाहीत, तर तेच दोन शब्द काही महिन्यांत वेल्सभर शेकडो भिंतींवर, गाड्यांवर आणि टी-शर्टवर दिसायला लागले.

त्रिवेरिन ही उत्तर वेल्समधली एक दरी. तिथे कापेल केलिन नावाचं छोटं गाव होतं. शाळा, पोस्ट, प्रार्थनाघर, आजूबाजूला शेतं. गावाचा सगळा व्यवहार वेल्शमध्ये चालायचा. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं म्हणून १९५७ मध्ये ब्रिटिश संसदेने इथे धरण बांधायचा कायदा केला. वेल्सच्या बहुतेक सगळ्या खासदारांचा विरोध होता, पण त्याने काही फरक पडला नाही. १९६५ मध्ये गाव पाण्याखाली गेलं. लिव्हरपूल महापालिकेने माफी मागितली ती २००५ मध्ये.

आता या भिंतीची एक गंमत. ते शब्द पहिल्यांदा रंगवले माइक स्टीफन्स यांनी, जे पुढे नावाजलेले लेखक आणि संपादक झाले. त्यांच्या घरची भाषा इंग्रजी. वेल्श ते मोठेपणी शिकले. आणि त्यांनी भिंतीवर जे लिहिलं त्यात व्याकरणाची चूक होती! वेल्शमध्ये वाक्यात शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं, त्यामुळे तिथे ‘त्रिवेरिन’चं ‘द्रिवेरिन’ व्हायला हवं होतं. नंतर कुणीतरी ते दुरुस्त केलं.

म्हणजे वेल्श अस्मितेचं सगळ्यात प्रसिद्ध वाक्य लिहिणारा माणूस घरातून वेल्श घेऊन आलेला नव्हता. युरोपातल्या अल्पसंख्याक भाषांचा विषय समजून घ्यायचा तर ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. भाषा बोलणं ही एक गोष्ट आणि भाषा ‘आपली’ मानणं ही दुसरी. या दोन गोष्टी दर वेळी हातात हात घालून चालत नाहीत.

किती भाषा, कुणाच्या?

युरोपीय संघाच्या अधिकृत भाषा २४ आहेत. त्याखेरीज संघाच्या देशांमध्ये साठहून जास्त प्रादेशिक आणि अल्पसंख्याक भाषा आहेत आणि त्या बोलणारे लोक साधारण ४ कोटी, असं संघच सांगतो.

अल्पसंख्याक म्हणजे लहान असंही नाही. कातालान भाषा बोलू शकणारे लोक डेन्मार्कच्या लोकसंख्येपेक्षा जास्त आहेत. पण डॅनिश ही संघाची अधिकृत भाषा आहे, कातालान नाही. कारण डॅनिशच्या मागे एक देश उभा आहे. भाषा आणि देश यांचं नातं इथे इतकं सरळ आहे.

पण हे नातं मुळात तयार कसं झालं?

आधी देश, मग भाषा

आपल्याला वाटतं की फ्रेंच बोलणाऱ्यांचा फ्रान्स झाला. झालं उलटं. फ्रान्स आधी झाला आणि त्याने फ्रेंच बोलणारे घडवले.

१७८९ ला राज्यक्रांती झाली तेव्हा फ्रान्सच्या मोठ्या भागात लोक ब्रेतॉन, बास्क, ऑक्सितान, अल्सेशियन अशा भाषा बोलत होते. सुरुवातीला क्रांतिकारकांनी आपले हुकूम या भाषांमध्ये भाषांतर करून गावोगाव पाठवायचं ठरवलं होतं. पण चारच वर्षांत वारं फिरलं. १७९४ मध्ये आबे ग्रेग्वार यांनी एक अहवाल मांडला. किमान ६० लाख फ्रेंच नागरिकांना फ्रेंच येत नाही आणि ती नीट बोलणारे ३० लाखांच्या पुढे नाहीत, असा त्यांचा हिशोब होता. अहवालाच्या नावातच बोलीभाषा नष्ट करण्याची गरज आणि त्याचे मार्ग असा विषय होता. त्याच वर्षी बारेर नावाच्या दुसऱ्या नेत्याने ब्रेतॉनचा संबंध अंधश्रद्धेशी आणि बास्कचा धर्मवेडाशी जोडला.

यामागचा विचार दुष्ट नव्हता, हे मान्य करायला हवं. सगळे नागरिक समान असतील तर सगळ्यांना कायदा समजायला हवा, म्हणजे सगळ्यांना एक भाषा यायला हवी. गडबड पुढच्या पायरीवर झाली. एक भाषा ‘यायला हवी’ याचं रूपांतर दुसरी भाषा ‘जायला हवी’ यात झालं.

हे काम शाळेने केलं. ब्रिटनी प्रांतात ब्रेतॉन बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी बूट किंवा तसलीच एखादी वस्तू अडकवायचे. त्याने दुसऱ्या कुणाला ब्रेतॉन बोलताना पकडलं की ती वस्तू त्या मुलाच्या गळ्यात जायची. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात ती असेल त्याला शिक्षा. वेल्समध्ये याच कामासाठी लाकडाचा तुकडा होता, त्याला ‘वेल्श नॉट’ म्हणत. बास्क प्रदेशात अंगठी होती. आयर्लंडमध्ये काठी होती, मूल आयरिश बोललं की तिच्यावर एक खाच पाडायची. मुलांनाच एकमेकांवर पाळत ठेवायला लावायची ही युक्ती एकाच काळात इतक्या ठिकाणी दिसते, हे चक्रावून टाकणारं आहे.

या गोष्टी सांगताना एक बाजू हमखास सुटते. वेल्समध्ये असा कोणताही सरकारी कायदा नव्हता, आणि पुष्कळ आईवडिलांचा या शिक्षेला पाठिंबा होता. पोराला इंग्रजी आली तर नोकरी लागेल, एवढं साधं गणित. भाषा मरते तेव्हा सरकार जबाबदार असतंच, पण शेवटचा निर्णय बऱ्याचदा घरातल्या घरात, मुलाच्या भल्यासाठी घेतला जातो.

आयर्लंड : राष्ट्रभाषा, जी घरात बोलली जात नाही

या निर्णयाचा सगळ्यात मोठा फटका बसला आयरिश भाषेला.

एकोणिसाव्या शतकातले आयर्लंडचे सगळ्यात मोठे नेते डॅनियल ओकॉनेल यांची मातृभाषा आयरिश होती. पण इंग्रजी जास्त उपयोगाची आहे, त्यामुळे आयरिश मागे पडली तर आपल्याला हळहळ वाटणार नाही, असं त्यांचं मत होतं. १८३१ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय शाळा इंग्रजीत शिकवायच्या. मग १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ सुरू झाला. सुमारे १० लाख लोक मेले, साधारण तितकेच देश सोडून गेले. मरणारे आणि जाणारे मोठ्या प्रमाणात गरीब पश्चिम भागातले होते, म्हणजेच आयरिश बोलणारे. पुढची कित्येक दशकं प्रत्येक घरातून कुणीतरी न्यूयॉर्क, बॉस्टन किंवा लिव्हरपूलला जाणार हे ठरलेलंच होतं. तिथे आयरिशचा काय उपयोग? १८५१ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोक आयरिश बोलणारे होते. १९०१ मध्ये प्रमाण १४ टक्क्यांवर आलं.

आणि नेमकी भाषा हातची जात असताना ती अस्मितेचा विषय बनली. १८९३ मध्ये डग्लस हाइड आणि सहकाऱ्यांनी गेलिक लीग काढली. हाइड प्रॉटेस्टंट धर्मगुरूंच्या घरातले. त्यांचं म्हणणं, भाषा वाचवणं हे राजकारणाच्या पलीकडचं काम आहे. पण लीगच्या वर्गांमधूनच स्वातंत्र्यलढ्यातली एक पिढी तयार झाली. लीग उघडपणे स्वातंत्र्याच्या बाजूने गेली तेव्हा, १९१५ मध्ये, हाइड यांनी अध्यक्षपद सोडलं. पुढे १९३८ मध्ये तेच आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

१९२२ मध्ये देश मिळाला. आयरिश राष्ट्रभाषा झाली. १९३७ च्या राज्यघटनेत आयरिश पहिली अधिकृत भाषा आणि इंग्रजी दुसरी असं स्पष्ट लिहिलं गेलं. शाळेत आयरिश सक्तीची झाली. आपल्या बारावीच्या तोडीच्या परीक्षेचं प्रमाणपत्र हवं तर आयरिशमध्ये पास व्हावं लागायचं. ही अट १९७३ पर्यंत होती.

आता २०२२ च्या जनगणनेचे आकडे बघा. आपल्याला आयरिश येते असं सांगणारे जवळपास १८ लाख ७४ हजार, म्हणजे ४० टक्के. आणि शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे? ७१,९६८.

चाळीस टक्के आणि दीड टक्का यांच्यामधली दरी हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे. आयरिश माणसासाठी आयरिश भाषा महत्त्वाची आहे. पासपोर्टवर ती आहे, रस्त्यावरच्या पाट्यांवर आहे, २००७ पासून युरोपीय संघाची अधिकृत भाषाही आहे. पण आयरिश असण्यासाठी ती बोलावी लागत नाही. ओळख शाबूत ठेवायला झेंडा, पारपत्र आणि स्वतंत्र संसद पुरेशी झाली. भाषेवरचं ओझं उतरलं, आणि तिच्यासाठी झटण्याचं एक कारणही गेलं. तिकडे पश्चिमेच्या ज्या खेड्यांमध्ये ती खरोखर बोलली जायची, त्या गेल्टाख्त भागातून रोजगाराअभावी माणसं बाहेर पडतच राहिली.

गंमत म्हणजे आज आयरिशची सगळ्यात जास्त धग दिसते ती सीमेच्या पलीकडे, उत्तर आयर्लंडमध्ये. तो भाग ब्रिटनकडेच राहिला, त्यामुळे तिथे भाषा हा अजून वादाचा विषय आहे. कोर्टात आयरिश वापरायला बंदी घालणारा १७३७ चा कायदा रद्द करण्याची तरतूद तिथे थेट २०२२ च्या कायद्यात आली. आयरिशमध्ये रॅप करणारा नीकॅप हा ग्रुप बेलफास्टचाच. त्यांच्यावरचा त्याच नावाचा सिनेमा २०२४ मध्ये आला. आणि त्याच बेलफास्टच्या पूर्व भागात, कट्टर ब्रिटननिष्ठ वस्तीत, लिंडा अर्विन ही प्रॉटेस्टंट बाई आयरिशचे वर्ग चालवते. तिचा मुद्दा सोपा आहे. ही भाषा एका बाजूच्या मालकीची नाही.

वेल्स : देश नाही, म्हणून भाषा

वेल्सचं उलटं. इंग्लंडने १५३६ च्या कायद्याने वेल्स स्वतःत सामावून घेतला. कोर्टाची भाषा इंग्रजी ठरली आणि वेल्श बोलणाऱ्याला सरकारी पद बंद झालं. स्वतःची संसद नाही, राजधानी नाही. कार्डिफ अधिकृत राजधानी झालं १९५५ मध्ये! आपण इंग्रज नाही हे दाखवायला वेल्श माणसाकडे भाषेशिवाय फारसं काही नव्हतं.

पण नुसत्या अस्मितेने भाषा टिकली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. तिला दोन आधार मिळाले, जे आयरिशला मिळाले नाहीत. पहिला धर्माचा. १५८८ मध्ये विल्यम मॉर्गन यांनी संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणलं. सरकारला वेल्श लोक प्रॉटेस्टंट व्हायला हवे होते, म्हणून सरकारनेच त्याला परवानगी दिली. कोर्टातून हाकललेली भाषा अशी प्रार्थनेत बसली, आणि लोक तिच्यात लिहायला-वाचायला शिकले. दुसरा आधार कोळशाचा. दक्षिण वेल्समध्ये खाणी निघाल्या. उपाशी आयरिश शेतकरी अमेरिकेला गेला, पण वेल्श शेतमजुराला पोट भरायला दोन डोंगर ओलांडून जाणं पुरेसं झालं. भाषा सोबत गेली आणि तिथे वर्तमानपत्रं, गाण्याच्या स्पर्धा, कामगार संघटना असं सगळं वेल्शमध्ये उभं राहिलं. अर्थात याच खाणींनी पुढे इंग्लंडमधूनही हजारो कामगार ओढून आणले आणि त्या दऱ्याच इंग्रजी झाल्या. पण १९०१ मध्ये वेल्सची निम्मी लोकसंख्या वेल्श बोलत होती.

१९६१ पर्यंत हे प्रमाण २६ टक्क्यांवर आलं. १९६२ मध्ये सॉन्डर्स लुईस या नाटककाराने बीबीसी रेडिओवर एक भाषण दिलं. हे असंच चाललं तर वेल्श संपेल, आणि भाषा वाचवणं हे स्वराज्यापेक्षाही आधीचं काम आहे, असा त्याचा रोख होता. हा लुईस स्वतः वेल्श राष्ट्रवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी. भाषेविना मिळालेल्या स्वराज्याची त्याला भीती वाटत होती, आणि उदाहरण समुद्रापलीकडे आयर्लंडमध्ये दिसतच होतं.

त्याच वर्षी वेल्श भाषा सोसायटी स्थापन झाली. विद्यार्थी रस्त्यावर बसले, इंग्रजी पाट्यांवर रंग फासला, इंग्रजीतले समन्स घ्यायला नकार देऊन तुरुंगात गेले. मार्गारेट थॅचर सरकारने वेल्श टीव्ही चॅनलचं आश्वासन मोडलं, तेव्हा १९८० मध्ये ६७ वर्षांच्या ग्विनव्होर एव्हान्स यांनी आमरण उपोषणाची घोषणा केली. उपोषण सुरू व्हायच्या आधीच सरकारने माघार घेतली. १ नोव्हेंबर १९८२ ला एस-फोर-सी हे चॅनल सुरू झालं. थॅचरबाईंना माघार घ्यायला लावणारी उदाहरणं तशी कमीच.

एक भाषा, दोन देश

अस्मिता जास्त महत्त्वाची की सरकारी धोरण, हे तपासायला युरोपात एक तयार प्रयोगच आहे. बास्क भाषा.

हिला तिची माणसं एउस्कारा म्हणतात. जगातल्या कोणत्याही जिवंत भाषेशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. बास्क माणसासाठीचा शब्द ‘एउस्काल्दून’, शब्दशः ‘ज्याच्याकडे एउस्कारा आहे तो’. म्हणजे ओळखीतच भाषा आहे. तरीही १८९५ मध्ये साबिनो आराना यांनी बास्क राष्ट्रवादी पक्ष काढला तेव्हा भर भाषेवर कमी आणि रक्तावर जास्त होता. आजी-आजोबांची आडनावं बास्क हवीत, अशी अट होती. स्वतः आराना यांनी बास्क भाषा शिकून घेतली होती, हे विशेष.

फ्रँकोच्या हुकूमशाहीत भाषेची गळचेपी झाली आणि विचार बदलला. बास्क कोण? जो बास्क शिकतो तो. या काळात हिंसेचा रस्ताही निघाला. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या ‘एटा’ने २०१८ मध्ये विसर्जित होईपर्यंत ८०० हून जास्त माणसं मारली, आणि भाषेसाठी शांतपणे काम करणाऱ्यांकडेही बरीच वर्षं संशयाने पाहिलं गेलं. पण त्याच सुमाराला पालकांनी वर्गणी काढून बास्क शाळा सुरू केल्या. १९६८ मध्ये बास्क अकादमीने वेगवेगळ्या बोलींमधून एक प्रमाण भाषा बांधायला घेतली. १९८० पासून दर दोन वर्षांनी ‘कोरिका’ नावाची दौड होते. हातातून हातात काठी देत, रात्रंदिवस न थांबता, दोन हजारांहून जास्त किलोमीटर. लोक एकेक किलोमीटर पैसे देऊन ‘विकत’ घेतात आणि त्यातून प्रौढांना बास्क शिकवणारे वर्ग चालतात.

ही दौड स्पेन-फ्रान्सची सीमा ओलांडते, कारण बास्क लोक दोन्हीकडे आहेत. स्पेनमधल्या बास्क स्वायत्त प्रदेशात १९७९ नंतर भाषा अधिकृत झाली. शाळा बास्कमध्ये, सरकारी नोकरीत बास्कला गुण, टीव्ही बास्कमध्ये. तिथे १६ वर्षांवरच्या लोकांत नीट बास्क बोलणारे १९९१ मध्ये २४ टक्के होते, २०२१ मध्ये ३६ टक्के. फ्रान्सच्या बाजूला १९९६ मध्ये २६ टक्के होते, २०२१ मध्ये २० टक्के.

भाषा तीच, लोक तेच, अभिमानही तोच. मधे फक्त सीमा. स्पेनच्या बाजूलाही सगळं आलबेल नाही. शाळेत बास्क शिकलेली मुलं मैदानात बऱ्याचदा स्पॅनिश बोलतात. पण आकड्यांची दिशा पुरेशी बोलकी आहे.

फ्रान्स आजही आपल्या जुन्या भूमिकेवर ठाम आहे. १९९२ मध्ये घटनेत ‘प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे’ हे वाक्य आलं. अल्पसंख्याक भाषांच्या युरोपीय सनदेवर फ्रान्सने १९९९ मध्ये सही केली, पण ती घटनेत बसत नाही असं घटना परिषदेने सांगितलं आणि मंजुरी राहूनच गेली. २०२१ मध्ये संसदेने प्रादेशिक भाषांच्या बाजूने कायदा केला, तर परिषदेने त्यातली संपूर्ण शिक्षण प्रादेशिक भाषेतून देण्याची तरतूद रद्द केली. ब्रिटनीतल्या एका बाळाच्या नावात ‘एन’वर छोटी नागमोडी रेघ ठेवायची की नाही, हे प्रकरण अपिलाच्या कोर्टापर्यंत गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला १० लाखांहून जास्त लोक ब्रेतॉन बोलत होते. २०१८ च्या पाहणीत ते सुमारे २ लाख होते, आणि त्यातले बहुतेक म्हातारे.

सनदेच्या बाहेर राहिलेले

वर उल्लेख आलेली युरोपीय सनद १९९२ ची. कौन्सिल ऑफ युरोपने ती केली, १९९८ पासून ती लागू आहे. पण तिच्या व्याख्येत स्थलांतरितांच्या भाषा बसत नाहीत. देशात परंपरेने बोलल्या जाणाऱ्या भाषांनाच ती लागू होते. म्हणजे वेल्शला संरक्षण आहे, पण ब्रिटनमध्ये तिसरी पिढी वाढवणाऱ्या पंजाबी किंवा गुजरातीला नाही. लंडनमधल्या मराठी घरांचंही तेच. भाषा जमिनीची मानायची की माणसांची, या प्रश्नाला सनदेने जमिनीच्या बाजूने उत्तर दिलं.

बास्क आणि वेल्श चळवळींनी मात्र दार थोडं उघडं ठेवलं. जो शिकेल तो आपला, ही भूमिका दोन्हीकडे बऱ्यापैकी रुजली आहे. कार्डिफमध्ये वेल्श माध्यमाच्या शाळांमधली बरीच मुलं अशा घरांतून येतात जिथे आईवडिलांना वेल्श येत नाही.

तरी २०२१ च्या जनगणनेने वेल्सला धक्का दिलाच. २०५० पर्यंत १० लाख वेल्श बोलणारे, असं सरकारचं उद्दिष्ट. प्रत्यक्षात आकडा दहा वर्षांत ५ लाख ६२ हजारांवरून ५ लाख ३८ हजारांवर घसरला. प्रमाण १७.८ टक्के. उत्तर आणि पश्चिमेच्या ज्या गावांमध्ये वेल्श अजून दुकानात, गॅरेजमध्ये, फुटबॉलच्या मैदानावर बोलली जाते, तिथे समुद्रकाठची घरं बाहेरचे लोक सुट्टीसाठी विकत घेतात. किमती वाढतात आणि तिथल्याच तरुणांना घर परवडत नाही. ते कार्डिफला किंवा इंग्लंडला जातात. एप्रिल २०२३ पासून अशा दुसऱ्या घरांवर तिथल्या कौन्सिलना नेहमीच्या कराच्या वर ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावता येतो. वेल्श भाषेच्या सभांमध्ये हल्ली शाळा आणि पाट्यांइतकंच घरभाड्याबद्दल बोललं जातं.